‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

ग्रंथाची अर्पणपत्रिका हे त्या ग्रंथातील सर्वांत कमी वाचले जाणारे पान होय. मुखपृष्ठ पाहून व प्रस्तावना चाळून वाचक विषयाकडे धाव घेतो. मध्ये कोणा पूज्य पित्यास, कोणा उदार संस्थानिकास अथवा कोणा दिवंगत मित्रास जे चार शब्द वाहिलेले असतात, ते खाजगी समजून तो सभ्यपणे नजर वळवितो. बहुतेक अर्पणपत्रिकांच्या बाबतीत हा सभ्यपणा योग्यच असतो. परंतु मराठीत एक अर्पणपत्रिका अशी आहे की, तिच्यावरून नजर वळविणारा वाचक ग्रंथाचे निम्मे मर्म गमावून बसतो. ती म्हणजे जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गुलामगिरी’ची.

ह्या पानाचा आशय थोडक्यात सांगता येतो. अमेरिकेतील संयुक्त संस्थानांच्या सदाचारी लोकांनी नीग्रो गुलामांस मुक्त करण्याच्या कामी जे औदार्य, जी निरपेक्षता व जो स्वार्थत्याग दाखविला, त्याच्या गौरवार्थ हा ग्रंथ त्यांस अर्पण केलेला आहे. माझे देशबांधव त्यांचा कित्ता गिरवून आपल्या शूद्र बांधवांस ब्राह्मणांच्या दास्यातून सोडवतील, अशी उत्कट आशाही तेथेच व्यक्त झाली आहे. पान एवढेच आहे. आम्ही ते पत्र म्हणून वाचतो. त्यास पत्ता आहे, मजकूर आहे, विनंती आहे आणि खाली लिहिणाराचे नाव आहे. एका दूरच्या देशातील सत्कृत्याने भारावलेल्या गुणग्राहकाचे ते पत्र होय. अशा पत्राचे मोल कशावरून ठरवावे, हा आमच्या ह्या लेखाचा विषय आहे.

जोतीरावांनी आपल्या पत्रात अमेरिकेतील कोणा एकाचे नाव घेतलेले नाही. तरी ज्यांस उद्देशून ते लिहिले गेले, ते लोक कसे होते हे समजण्यासाठी त्यांतील एक माणूस आपण समोर आणू. जॉन ग्रीनलीफ व्हिटिअर हा कवी १८७३ साली हयात असून पासष्टी गाठलेला होता. मॅसॅच्युसेट्समधील हेवरहिल येथे १८०७ साली एका शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. शाळेची फी भरण्यासाठी तो जोडे शिवण्याचे काम शिकला. त्याची पहिली कविता ज्याने छापली, तो संपादक विल्यम लॉइड गॅरिसन पुढे गुलामगिरीविरुद्धच्या चळवळीचा अध्वर्यू झाला. १८३३ साली व्हिटिअरने पदरमोड करून गुलामगिरीच्या निषेधाचे एक पुस्तक छापले व त्याच वर्षी फिलाडेल्फिया येथे स्थापन झालेल्या गुलामगिरीविरोधी संघाच्या जाहीरनाम्यावर सही केली. आपल्या कोणत्याही काव्यसंग्रहावरील नावापेक्षा त्या जाहीरनाम्यावरील सहीचा आपणांस अधिक अभिमान वाटतो, असे तो पुढे म्हणत असे. त्या सहीची किंमतही त्याने मोजली. १८३५ साली जमावाने त्याच्यावर दगडफेक केली. आणि १८३८ च्या मे महिन्यात तो संपादीत असलेल्या पत्राची कचेरी ज्या इमारतीत होती, ते नवे कोरे सभागृह उद्घाटनानंतर अवघ्या तीन दिवसांत जमावाने जाळून टाकले.

व्हिटिअर हा क्वेकर पंथाचा होता. ह्या पंथात पुरोहित नाही व मूर्तिपूजा नाही. उपासक शांत बसून राहतात, आणि ज्याला अंतःप्रेरणा होईल तो, मग ती स्त्री असो वा पुरुष, उठून बोलतो. प्रत्येक मनुष्याच्या अंतरी ईश्वरी प्रकाश आहे, ही त्यांची मूळ श्रद्धा. असा पंथ गुलामगिरीचा वैरी असावयाचाच, असे वाचकांस वाटेल. इतिहास मात्र अधिक बोधप्रद आहे. अमेरिकेतील पुष्कळ क्वेकर स्वतः गुलाम बाळगीत असत. १६८८ साली जर्मनटाउन येथील चार गृहस्थांनी ह्या प्रथेविरुद्ध आपल्या पंथाकडे लेखी निषेध नोंदविला, तेव्हा प्रकरण नाजूक आहे म्हणून वरिष्ठ सभांनी ते पुढे ढकलले. ते इतके पुढे ढकलले गेले की, गुलाम बाळगणाऱ्यास पंथात स्थान नाही असा निर्णय फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने १७७६ साली केला. मध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षे गेली. तात्पर्य, ज्या सदाचाराचे जोतीरावांनी कौतुक केले तो त्या लोकांस जन्मतः लाभलेला नव्हता. स्वतःच्याच घरातील लोकांशी चार पिढ्या भांडून त्यांनी तो मिळविला होता. कित्ता गिरवावा असे त्यांत काही असेल तर ते हेच. उपजत पुण्यवंताचा कित्ता कोणासही गिरविता येत नाही. चुकलेल्या व मग सुधारलेल्या माणसाचा मात्र गिरविता येतो.

यादवी युद्ध संपले, १८६५ साली घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट झाली, आणि पुढच्याच वर्षी बालपणीच्या हिवाळ्यावरील एका दीर्घ काव्याने व्हिटिअर घरोघरी लोकप्रिय झाला. ज्या नावावर एके काळी दगड पडले, त्याच नावावर आता टपालाचा ढीग पडू लागला. अनोळखी लोक सही मागत, अभिप्राय मागत, केवळ उत्तर यावे म्हणूनही लिहीत. ही गुणग्राहकाच्या पत्राची एक जात झाली. तीत लबाडी नसते, प्रेमही खरे असते. पण लिहिणारा तीत काही घ्यावयास आलेला असतो व हाती पडले की समाधान पावून परततो.

दुसरी जातही व्हिटिअरच्याच चरित्रात सापडते. शार्लट फोर्टेन ही सुशिक्षित कृष्णवर्णीय तरुणी त्याची निस्सीम चाहती होती. युद्ध चालू असताना १८६२ साली ती दक्षिण कॅरोलायनातील सेंट हेलेना बेटावर गेली. तेथील मळेवाले पळून गेलेले होते, आणि मागे राहिलेल्या गुलामांची मुले प्रथमच अक्षरे गिरवीत होती. त्यांस शिकविणे हे तिचे काम. नाताळ जवळ येताच तिने व्हिटिअरला पत्र लिहून, ह्या मुलांनी म्हणावे असे एक लहानसे गीत मागितले. त्याने ते लिहून पाठविले व मुलांनी ते नाताळात म्हटले. ह्या पत्रातही मागणे आहे, पण ते स्वतःसाठी नाही. कवीवरील प्रेमास येथे काम जोडले गेले आणि त्या कामात कवीलाही ओढून घेतले गेले. आमच्या मते गुणग्राहकाच्या पत्राची कसोटी हीच की, त्यातील प्रशंसा वाचून कोणाच्या अंगावर काम पडते.

ह्या कसोटीस जोतीरावांचे पत्र लावून पाहावे. प्रथम लक्षात येते ती त्याची भाषा. ‘गुलामगिरी’चा गाभा म्हणजे जोतीराव व धोंडीबा यांच्यातील रांगड्या, खोचक मराठीतील संवाद. त्यांत दशावतारांच्या कथांची उलटतपासणी आहे आणि बळीराजाचा कैवार आहे. अर्पणपत्रिका व एक प्रस्तावना मात्र इंग्रजीत आहे आणि त्या प्रस्तावनेच्या शिरावर होमरचे वचन आहे. अमेरिकनांस मराठी येत नाही, हे ह्याचे सोपे उत्तर झाले. पण हा ग्रंथ पुण्यात विकला जाणार होता. ज्या शूद्र वाचकासाठी संवाद लिहिले, त्यास हे इंग्रजी पान वाचता येणार नव्हते. ते वाचणार होते इंग्रज अंमलदार व पुण्या-मुंबईचे इंग्रजी शिकलेले तरुण, म्हणजे बव्हंशी ज्यांच्याविरुद्ध ग्रंथ लिहिला त्यांचीच मुले. पत्रावर पत्ता अमेरिकेचा होता. उघडले जाणार होते ते सदाशिव पेठेत. दूरच्या माणसाची स्तुती जवळच्या माणसाच्या कानी पडेल अशा बेताने करणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. लेकी बोले सुने लागे असे आपण म्हणतो, ते हेच. येथे लेकीचे कौतुक मनापासून केलेले आहे आणि सुनेस लागावयाचे तेही नेमके लागले आहे.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या नावाची. इंग्रजी शब्दास आपल्या वाङ्मयात ‘दास्य’ हा प्रतिशब्द तयार होता. परंतु मराठी मनात त्या शब्दाभोवती भक्तीचे वलय आहे. नवविधा भक्तीत दास्य ही एक पायरी आहे, आणि थोर संताने आपले नावच ‘रामदास’ असे धारण केले आहे. जो शब्द कानी पडताच हात जोडले जातात, त्या शब्दाने साखळदंड दाखविता येत नाहीत. अरबी-फारसीतून आलेला ‘गुलाम’ हा शब्द मात्र उघडावाघडा आहे. तो बाजाराची, किमतीची व मालकाची आठवण देतो, आणि त्यात पुण्य लपविण्यास जागा नाही. ही निवड भाषेचे मर्म जाणणाऱ्याचीच होय. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या लेखनावर, विशेषतः त्यांच्या भाषेवर, कठोर उपहासाचा वर्षाव केला. शास्त्रीबोवांच्या गद्याचे ऋण आम्ही सारेच मानतो. पण व्याकरणाचे दोष वेचण्याच्या भरात ह्या शब्दनिवडीकडे त्यांचे लक्ष गेले नाही, असे आम्हांस खेदाने म्हणावे लागते.

परक्यांची एवढी स्तुती ही लाचारी नव्हे काय, असा आक्षेप येईल. त्यास उत्तर असे की, लाचार मनुष्य ज्याच्याकडून लाभ व्हावयाचा त्याची स्तुती करतो. अमेरिकेकडून जोतीरावांस मिळावयाचे काहीच नव्हते. शिवाय मिशनच्या शाळेत शिकलेल्या ह्या तरुणाने मनुष्याच्या हक्कांविषयी टॉमस पेन याचा ग्रंथ लवकरच वाचला होता, आणि तो पेन एका क्वेकर बापाचा मुलगा होता. विचारांची ही वाट व्हिटिअरच्या घरावरूनच पुण्यास आली होती. उलट दिशेनेही ये-जा होती. वैदिक सोमपानावर व्हिटिअरने १८७२ साली एक कविता लिहिली. कर्मकांडाच्या धुंदीपेक्षा शांत उपासना श्रेष्ठ, असा तिचा भाव असून तिच्यातील शेवटची कडवी आज ख्रिस्ती मंदिरांत प्रार्थना म्हणून गायिली जातात. पुढे ब्राह्मो समाजाच्या उपासनागीतांचेही त्याने रूपांतर केले. यज्ञयागाविषयी मॅसॅच्युसेट्समधील क्वेकर व पुण्यातील माळी यांनी एका वर्षाच्या अंतराने, एकमेकांस न ओळखता, सारखाच प्रश्न विचारावा ह्यात लाचारीचा संबंध येतो कोठे?

तरीही ह्या पत्रात दोन उणिवा आहेत, आणि आदर म्हणजे डोळेझाक नव्हे. पहिली ही की, मुक्तीचे सारे श्रेय ते मुक्त करणाऱ्यांस देते. परंतु अमेरिकेतील गुलाम हातावर हात ठेवून बसलेले नव्हते. फ्रेडरिक डग्लस स्वतः गुलामीतून निसटून आला व त्याने आपली कहाणी जगास सांगितली. हॅरिएट टबमन सुटली आणि इतरांस सोडविण्यासाठी पुनःपुन्हा माघारी गेली. यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय शिपाई लढले. दुसरी उणीव ही की, ज्या लोकांस पुरे काम केल्याबद्दल पत्र गेले, त्यांचे काम अर्धेच झाले होते. ‘गुलामगिरी’ निघाली त्याच वर्षाच्या एप्रिलमध्ये लुइझियानातील कोलफॅक्स गावी गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांची भीषण कत्तल केली, आणि १८७७ साली दक्षिणेतून संरक्षणाचे सैन्य काढून घेतल्यावर कायद्याने मिळालेले पुष्कळसे हक्क व्यवहारात हिरावले गेले. दुरून डोंगर साजरे, ही म्हण सत्पुरुषांच्या देशासही लागू पडते. सोळा वर्षांनी, १८८९ साली, पंडिता रमाबाईंनी ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचेही मन त्या देशाने जिंकले होते. पण त्या तेथे राहून आल्या होत्या, म्हणून कृष्णवर्णीयांवर व मूळ रहिवाशांवर होणाऱ्या अन्यायाची नोंद त्यांच्या कौतुकास आवर घालते. जोतीरावांचे पत्र रमाबाईंच्या ग्रंथाशेजारी ठेवून वाचावे, म्हणजे दोन्हींचा तोल साधतो.

पहिल्या उणिवेचे उत्तर आम्हां नाशिककरांच्या गावात होते. गुलाम म्हणजे अमेरिकेतील गोष्ट, असे आमच्या सुशिक्षित घरांतून सहज मानले जाते. पेशवाईत कुणबिणींची खरेदी-विक्री होत असे, हे आम्ही विसरतो. ब्रिटिश साम्राज्यातील गुलामगिरी बंद करणाऱ्या १८३३ च्या कायद्याने कंपनी सरकारचा मुलूख वगळला होता व येथे तो पालट १८४३ च्या कायद्याने झाला, हेही आम्ही विसरतो. १८५४ साली प्राइस ह्या मिशनऱ्याने नाशिकजवळ एक वसाहत स्थापिली. तिचे नाव शरणपूर. अरबी समुद्रात गुलामांची ने-आण करणारी गलबते इंग्रजी आरमार पकडीत असे. त्यांवरून सुटलेली आफ्रिकन मुले मुंबईस उतरविली जात, व त्यांतील कित्येक शरणपुरास येऊन लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम शिकत. लिव्हिंग्स्टन १८६६ साली आपल्या शेवटच्या प्रवासास निघाला, तेव्हा येथून गेलेले नऊ तरुण त्याच्यासोबत होते. पुढे १८७२ साली त्याच्याकडे गेलेल्या मंडळींत जेकब वेनराइट हा शरणपुरचाच विद्यार्थी होता. १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत वारला, तेव्हा त्याच्या मृत्यूची नोंद झाडावर कोरली ती जेकबने. सोबत्यांनी ते शव शेकडो कोस वाहून किनाऱ्यास आणले, जेकब ते घेऊन इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीस हात देणाऱ्यांत तो होता. ह्या प्रवासाची रोजनिशीही त्याने लिहिली.

ज्या वर्षी पुण्यातून गुलामांच्या मुक्तिदात्यांस पत्र लिहिले गेले, त्याच वर्षी नाशिकास अक्षरे गिरविलेला एक मुक्त गुलाम स्वतःची रोजनिशी लिहीत होता. जोतीरावांच्या पत्रात जो आवाज ऐकू येत नाही, तो हा. प्राइस व त्याच्याकडील पुष्कळसे आफ्रिकन १८७४-७५ च्या सुमारास मोंबासाजवळ वसविलेल्या नव्या गावी निघून गेले. येथे मागे उरले एका रस्त्याचे नाव. शरणपूर रोडवरून आम्ही नित्य जातो-येतो, पण कोण कोणास शरण आले होते हे विचारण्याची आम्हांस कधी निकड वाटत नाही.

जोतीरावांच्या पत्रास उत्तर आले की नाही, असे विचारणारा वाचक पत्त्याकडे पाहत असतो, मजकुराकडे नव्हे. मजकूर देशबांधवांस उद्देशून होता आणि उत्तरही त्यांच्याकडूनच यावयाचे होते. ते कटू मार्गाने, उशिरा आणि बऱ्याच अंशी आमच्या जिल्ह्यातून आले. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यास डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. बंधूंनी बंधूंस सोडवावे, ही १८७३ ची आशा येथे फोल ठरली, आणि सुटू इच्छिणाऱ्यांनी आपली सुटका आपल्या हाती घेतली. अमेरिकेतील जी बाजू जोतीरावांच्या पत्रातून गळली होती, ती ह्या रीतीने येथे अवतरली.

१९४६ साली डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विद्वान ड्यू बॉइस यांस एक छोटेसे पत्र पाठविले. अस्पृश्यांची व तेथील कृष्णवर्णीयांची स्थिती किती सारखी आहे ते त्यांनी त्यात लिहिले, आणि कृष्णवर्णीयांच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघापुढे जो अर्ज ठेवला जाणार असल्याचे ऐकिवात होते, त्याच्या दोन-तीन प्रती मागितल्या. ३१ जुलैला ड्यू बॉइस यांचे सहानुभूतीचे उत्तर आले. ह्या पत्रात विशेषणे नाहीतच. पत्ता मुक्त करणाऱ्यांचा नसून मुक्त होऊ पाहणाऱ्यांचा आहे, आणि मागणे कामाचे आहे. शार्लट फोर्टेनच्या पत्राचे हे सख्खे भावंड होय. त्याच वर्षी शूद्र कोण होते ह्याची चिकित्सा करणारा आंबेडकरांचा ग्रंथ निघाला आणि तो जोतीराव फुले यांस अर्पण केलेला होता. त्र्याहत्तर वर्षांपूर्वीच्या अर्पणपत्रिकेस अर्पणपत्रिकेनेच पोच मिळाली.

शार्लट फोर्टेन, जोतीराव व आंबेडकर ह्या तिघांनीही दूरच्या माणसास लिहिले ते जवळच्या कामासाठी. आमच्या दिवाणखान्यांत थोरांच्या तसबिरी आहेत, जयंत्या आम्ही नेमाने करतो, आणि त्यांत आता जोतीरावांचीही भर पडली आहे. हे वाईट नाही. परंतु ज्याची तसबीर लावली त्याने आम्हांस कोणते काम सांगितले होते, हे घरातील मुलांनी विचारले तर सांगता आले पाहिजे. ‘गुलामगिरी’च्या बाबतीत ते सांगणे अवघड नाही. ग्रंथ हाती घ्यावा, थेट दशावतारांच्या वादात न शिरता आरंभीचे ते पान उघडावे, आणि त्यातील ‘देशबांधव’ ह्या शब्दापाशी थांबून तो आपल्यालाच उद्देशून आहे असे समजून पुढे वाचावे.